गेर्लाँचं आप्रे लाँदे: उन्हाळा, पावसाळा, थंडी वापरल्यानंतर

खोलीत शिरताच सगळ्यांच्या माना वळाव्यात, अशी परफ्यूमकडून अपेक्षा असेल तर आप्रे लाँदेच्या वाटेला जाऊ नका. गेर्लाँ या फ्रेंच परफ्यूम कंपनीसाठी झाक गेर्लाँ यांनी १९०६ साली ते तयार केलं. पावसाची सर येऊन गेल्यावरची ओली बाग हा त्याचा विषय. आज ते ईडीटीमध्ये (ओ द त्वालेत, म्हणजे परफ्यूमचा हलका प्रकार) मिळतं आणि त्याच्या स्वभावाला तेच शोभतं.

फवारल्याबरोबर बडीशेपेच्या जवळ जाणारा गार, किंचित गोड वास येतो. तो ॲनिसिक अल्डिहाइड या सुगंधी रसायनाचा. पाचेक मिनिटांत त्याखालून व्हायोलेट वर येतं आणि मागोमाग आयरिसचा कंद: नुकत्याच सोललेल्या कच्च्या गाजरासारखा, मातकट, थोडा पावडरीचा. शेवटी त्वचेलगत हेलिओट्रोपिन हे सुगंधी रसायन उरतं (हेलिओट्रोप फुलासारख्या वासाचं). बदाम आणि व्हॅनिला यांच्या मधला तो मऊ वास मला या परफ्यूमचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. गोड असूनही तो मिठाईकडे झुकत नाही, कारण आयरिसचा कोरडेपणा त्याला धरून ठेवतो.

‘दहा मिनिटांत उडून जातं’ ही याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. ती अर्धीच खरी. व्हायोलेटचा वास आयोनोन या रेणूंमुळे येतो. आयोनोनला नाक फार लवकर सरावतं. मनगट नाकाला लावून बसलात तर वास गायब होतो. पाच मिनिटं मोकळ्या हवेत फिरून आलात की पुन्हा येतो. हे येणं-जाणं हीच त्याची मजा आहे. शिवाय काहींच्या नाकाला बीटा-आयोनोन (आयोनोनचाच एक प्रकार) जन्मतःच नीट जाणवत नाही. त्यांना यात नुसती बडीशेप आणि पावडर मिळेल. म्हणून आधी दोन-तीन मिलीचा डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला नमुना) घ्या, बाटली नंतर.

बाकी अर्धी तक्रार मात्र रास्त आहे. त्वचेवर तीन-चार तास, त्याहून जास्त आशा नको. टिकवायचं असेल तर अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा आणि त्यावर पंधरा-वीस सेंटिमीटरवरून चार-पाच फवारे मारा. मानेमागे आणि कोपराच्या आतल्या बाजूला चांगलं बसतं. मनगटं एकमेकांवर घासू नका. सुती ओढणीवर एक फवारा मारला तर हेलिओट्रोपिन संध्याकाळपर्यंत सापडतं, पण पांढऱ्या कपड्याला डाग पडू शकतो. आतल्या बाजूने मारा.

आपल्याकडच्या हवेत ते सगळ्यात खुलतं जुलै-ऑगस्टमध्ये. दमट हवेत आयरिस ओला, जिवंत लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात सुरुवातीचा गारवा झटकन उडतो आणि व्हॅनिलाच पुढे येतो, तेव्हा ते एसीतल्या ऑफिससाठी ठेवावं. मोगऱ्याचा गजरा, वासाचं तेल, फॅब्रिक कंडिशनर यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. गजरा माळायचा असेल त्या दिवशी हे नकोच.

बाटली खोक्यात घालून कपाटात ठेवा. बाथरूमची शेल्फ किंवा खिडकी नको, कारण यातले अल्डिहाइड उजेड, उष्णता आणि हवेने बिघडतात. आतला रंग थोडा पिवळट झाला तर लगेच फेकू नका. पहिल्या फवाऱ्याला आंबट किंवा नेलपॉलिशसारखा वास आला तर मात्र सुरुवातीला येणारे वास बिघडलेत समजा. याच कारणासाठी अर्धी रिकामी जुनी बाटली विकत घेऊ नये.

हाच वास आवडला, पण लग्नसमारंभाला रात्रीपर्यंत टिकणारं काही हवं असेल, तर १९१२ चं लर ब्लू हुंगून बघा. झाक गेर्लाँ यांचंच, तीच बडीशेप, तेच हेलिओट्रोप, पण फुलं दाट आणि व्हॅनिला भरपूर. ते जास्त टिकतं. तो ओला गारवा मात्र त्यात नाही.