मोठ्या शिंगांचं हरीण हवंय? पैसा वाणावर लावावा की वयावर आणि चाऱ्यावर?

टेक्सासात रान घेऊन शिकारीसाठी व्हाइट-टेल (पांढऱ्या शेपटीची) हरणं सांभाळायची ठरवली, की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, बारीक शिंगांचे नर शिकार करून कमी करा, वाण सुधारेल. दोन, पैदास केंद्रातून जातिवंत नर आणून सोडा. माझं मत सरळ आहे: उघड्या रानात या दोन्हींवर पैसा घालू नका.

आनुवंशिकता खोटी नाही. टेक्सासच्याच केर वन्यजीव क्षेत्रात 1970च्या दशकापासून बंदिस्त हरणांवर प्रयोग झाले. वंशावळ ठाऊक, खाद्य ठरलेलं. तिथे निवडीचा परिणाम शिंगांवर दिसला. पण त्याच केंद्रात 16 ऐवजी 8 टक्के प्रथिनांचं खाद्य दिल्यावर शिंगं खुरटली.

रानात मात्र ही निवड लागू पडत नाही. दक्षिण टेक्सासातल्या कोमांची रँचवर वर्षानुवर्षं बारीक शिंगांचे नर मारून कडक निवड करूनही शिंगं सुधारली नाहीत, उलट मोठे होणारे नरच कमी पडले. कारण उघड आहे. दुभत्या गोठ्यात वळूची आणि गाईची नोंद असते. इथे निम्मा वारसा देणाऱ्या मादीला शिंगंच नसतात. दीड वर्षाच्या नराची शिंगं तर तो कधी जन्मला, आईला दूध किती होतं, यावरही ठरतात. त्यातून बरेच तरुण नर जन्मस्थान सोडून शेजारच्या रानात जातात.

विकत आणलेल्या नराचंही तसंच. एकटा नर कळपभर पाडसांचा बाप होत नाही. दीड-अडीच वर्षांचे पोरसवदा नरही वाटा घेतात. वर रोगाची जोखीम आहेच. टेक्सासात बंदिस्त व्हाइट-टेलमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना खंगवून मारणारा संसर्गजन्य रोग पहिल्यांदा सापडला तो 2015 साली, मेडिना काउंटीतल्या पैदास केंद्रात. त्यावर ना औषध ना लस.

चाऱ्याच्या बाजूने मला सर्वांत पटणारा पुरावा साउथ डकोटा राज्याचा. तिथल्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागातली हरणं पूर्वेकडच्या शेतीपट्ट्यातल्या हरणांपेक्षा लहान. दोन्हीकडची पाडसं आणून सारखं उत्तम खाद्य दिलं, तरी पहिल्या पिढीत डोंगराकडची मागेच राहिली. त्यांची पोरं मात्र अंगाने आणि शिंगांनी बरोबरीला आली. जे वाण हलकं म्हणून काढून टाकलं असतं, ते मुळात आईच्या उपासमारीचं देणं होतं. म्हणून जमीन सुधारल्यावर फळ दिसायला एक पिढी थांबावं लागतं.

वाणावर खर्च शोभतो तो कुंपणातल्या, वंशावळ ठेवणाऱ्या पैदाशीत. बाकीच्यांनी माद्यांची संख्या रानाला पेलेल इतकीच ठेवावी, झुडपी चारा वाढू द्यावा आणि नरांना पाच-सहा वर्षांचं होऊ द्यावं. शिंगांचा भर साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात येतो. त्यासाठी वय ओळखायला शिका. दीड वर्षाचा नर पाय लांब, कंबर बारीक, शिंगं लावलेल्या मादीसारखा दिसतो. पाचाच्या पुढचा छातीने इतका खोल की पाय आखूड वाटतात, आणि माजाच्या दिवसांत मान थेट छातीत मिसळते. यातला तरुण नर दिसला तर बंदूक खाली ठेवा.