रोममध्ये दोन महिन्यांचं घर घेताना डिपॉझिट कुठे बुडतं

रोमला आठवडाभर जाणारं कुटुंब घराच्या बाबतीत सहसा फसत नाही. बुकिंग प्लॅटफॉर्मवरून झालेलं असतं, पैसे मधल्या कंपनीकडे असतात, घर मिळालं नाही तर भांडायला कुणीतरी असतं. फसतात ते सप्टेंबर अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत मुक्काम ठोकणारे. ऑक्टोबर हा तिथला ऐन हंगाम. साठ रात्रींचा आकडा पाहून डोळे पांढरे होतात आणि माणूस महिन्याच्या भाड्याच्या जाहिराती, समाजमाध्यमांवरचे गट धुंडाळू लागतो. तिथे त्रास्तेवेरे नाहीतर मोंती भागात दोन बेडरूमचं, खिडकीत जिरेनियम असलेलं घर निम्म्या भावात दिसतं.

पुढचा संवाद जवळजवळ ठरलेला असतो. मालक फारच सभ्य. "मी नोकरीनिमित्त परदेशात आहे, आधीच्या भाडेकरूने घराची वाट लावली, म्हणून या वेळी कुटुंबालाच द्यायचंय. एक महिन्याचं भाडं आणि तेवढंच डिपॉझिट पाठवा, किल्ल्या कुरिअरने येतील." विश्वास बसावा म्हणून तो स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवतो. तो पासपोर्ट बहुतेक वेळा आधी फसलेल्या माणसाचा असतो, आणि तुम्ही पाठवलेला पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला जातो. म्हणून प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं "फक्त अमुक पत्त्याच्या भाडेकरारासाठी" आणि तारीख टाकून मगच द्या. याचाच दुसरा अवतार म्हणजे "पैसे प्लॅटफॉर्ममार्फतच भरा" म्हणत पाठवलेली लिंक. पान हुबेहूब असतं, पण पत्ता भलताच. खरं बुकिंग तुमच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन केल्यावर दिसतं, ईमेलमधून आलेल्या लिंकवर नाही.

भारतातून जाणाऱ्यांवर व्हिसाचा वेगळा दबाव असतो. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला पूर्ण मुक्कामाच्या निवासाचा पुरावा लागतो. भामटा म्हणूनच गप्पांच्या ओघात "अपॉइंटमेंट कधीची आहे?" असं विचारतो आणि तारीख कळली की घाई लावतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऑक्टोबरच्या घराचा शोध मे-जूनमध्ये सुरू केला तर हे हत्यार त्याच्या हातात राहत नाही.

म्हैस पाण्यात असताना तिचं मोल करायचं असेल, तर आधी शिंगं तरी मोजून घ्यावीत. पहिली तपासणी CIN ची, म्हणजे तिथले लोक ज्याला "चिन" म्हणतात त्या राष्ट्रीय ओळख क्रमांकाची. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला तो घ्यावा लागतो. 1 जानेवारी 2025 पासून तो जाहिरातीत आणि घराबाहेर दिसलाच पाहिजे, नाहीतर दंड होतो. रोम शहरातल्या घराचा क्रमांक "आयटी 058091" असा सुरू होतो, कारण 058091 हा रोमचा सांख्यिकी कोड आहे. जाहिरात रोमची आणि सुरुवात वेगळी, तर तिथेच थांबा. मात्र क्रमांक दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेलाही असू शकतो, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही.

दुसरी तपासणी बँक खात्याची. इटलीतला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 27 अक्षरांचा असतो आणि "आयटी"ने सुरू होतो. मालक रोमचा म्हणवतो आणि खातं लिथुआनियाचं, म्हणजे "एलटी"ने सुरू होणारं 20 अक्षरी, तर तो प्रामाणिक असूही शकतो, पण पैसे पाठवू नका. युरो वापरणाऱ्या देशात खातं असलेला कुणी नातेवाईक असेल तर उत्तम. ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या बँकांना युरोत पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते ग्राहकाला दाखवावं लागतं. भारतातून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेने, पाठवताना हा आधार मिळेल असं धरून चालू नका.

तिसरी तपासणी "विझूरा कातास्ताले", म्हणजे तिकडचा मिळकतीचा उतारा. काही युरोत ऑनलाइन मिळतो. मालकाचं नाव, हिस्सा आणि मिळकतीचे क्रमांक त्यात असतात. आपल्या सात-बाराप्रमाणेच हाही मालकीचा निर्णायक पुरावा नाही, पण भुरट्याला उघडं पाडायला पुरतो. मग व्हिडिओ कॉल मागा, आणि तो रस्त्यावरून सुरू व्हायला हवा. घराचा नंबर, मुख्य दाराशेजारची बेलची पाटी, तिच्यावरची आडनावं, जिना, दार, आतला विजेचा मीटर, सगळं एका दमात, कॅमेरा बंद न करता. आधी पाठवलेला सुंदर व्हिडिओ म्हणजे कॉल नव्हे.

आता करार. एकाच मालक-भाडेकरूमधला करार वर्षात एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त होत असेल, तर तो 30 दिवसांच्या आत "अजेंझिया देल्ले एन्त्राते" या कर खात्याकडे नोंदवावा लागतो. कर चुकवण्यासाठी काही मालक 29 दिवसांचे दोन करार पुढे करतात. भाडेकरूला वाटतं, आपलं काय जातंय? नोंदणी आवश्यक असूनही न केलेला करार इटलीत रद्दबातल ठरतो, आणि डिपॉझिटसाठी भांडायची वेळ आली की हातात तोच कागद असतो. नोंदणीला तुमचा "कोदिचे फिस्काले" लागतो. हा कर-क्रमांक कर खात्यात किंवा इटालियन वाणिज्य दूतावासात फुकट मिळतो. त्याची "प्रोसेसिंग फी" मागणारा एजंट निव्वळ कमाई करतोय.

घर खरं, मालक खरा, तरी डिपॉझिट जातं, तो प्रकार जास्त चिवट. रोममध्ये हीटिंग कायद्याने 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त 12 तास. थंडी लवकर पडली तर महापालिका आधी परवानगी देऊ शकते, पण ते गृहीत धरू नये. "सेंट्रल हीटिंग" वाचून ऑक्टोबरअखेरीस गेलेल्यांचे रेडिएटर थंडगार असतात. मग विजेचा हीटर लागतो. घराची जोडणी साधारणपणे 3 किलोवॅटची, त्यामुळे हीटर, गीझर आणि इंडक्शन एकत्र चालवले की मीटर उडतो. तो पुन्हा चढवता येतो, बिल मात्र चढलेलंच राहतं, आणि निघताना मालक रीडिंग न दाखवता डिपॉझिटमधून "अंदाजे" रक्कम कापतो. किल्ली घेताना वीज आणि गॅस दोन्ही मीटरचे फोटो मालकासमोर काढा. विजेच्या मीटरचं बटण दाबत गेलं की ए1, ए2, ए3 असे तीन आकडे येतात, तिन्ही घ्या. गॅस घनमीटरमध्ये मोजला जातो. दर करारात लिहून घ्या.

"सेमिंतेरातो" म्हणजे अर्धं तळघर. नोव्हेंबर हा रोममधल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक, आणि तळघराच्या भिंतींना बुरशी येते. तीही भाडेकरूच्या माथी मारतात. जाहिरातीतलं क्षेत्रफळ बहुधा "कोमेर्चाले" असतं, त्यात भिंती आणि बाल्कनीचा वाटाही मोजलेला. आपल्या सुपर बिल्ट-अपला सरावलेल्यांना हे सांगायची गरज नसावी.

पर्यटक करात सर्रास लुटतात. रोममध्ये तो सलग मुक्कामाच्या पहिल्या 10 रात्रींपुरताच असतो आणि 10 वर्षांखालच्या मुलांना माफ. साठ रात्रींचा हिशेब मागितला तर पावती मागा, आकडा लगेच खाली येतो. कोलोसियमबाहेर मुलांचं तिकीट विकणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नका. 18 वर्षांखालच्यांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, कुठल्याही देशाचे असोत.

पैसे गेलेच, तर भारतातून पाठवले असल्यास लगेच 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला लेखी "रिकॉल", म्हणजे पैसे परत बोलावण्याची विनंती, टाकायला लावून स्विफ्ट संदेशाची प्रत घ्या. कार्डाने भरले असतील तर चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी. इटलीत पोलीस ठाण्यात किंवा काराबिनिएरी या तिथल्या लष्करी पोलिसांकडे "क्वेरेला", म्हणजे फिर्याद, तीन महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवी. परदेशातून ती इटालियन वाणिज्य दूतावासातही देता येते, मुंबईत तो आहे. फिर्यादीत आयबॅन, फोन क्रमांक, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि सगळे संदेश जोडा. चिडून चॅट पुसून टाकणारे हमखास भेटतात. आणि त्या पत्त्यावर खरोखर राहणाऱ्या माणसाच्या दारात रात्री उभं राहून त्याच्याशी वाद घालू नका, त्याचे फोटोही चोरलेलेच असतात.