मारुती आठशेची चावी मंडईत हरवली: नवा लॉक सेट वापरून आठ महिने

गाडी २००२ ची मारुती ८००, वडिलांकडून आलेली. चिप नाही, रिमोट नाही, सेंट्रल लॉक नाही. इग्निशनला, पुढच्या दोन्ही दारांना आणि डिकीला एकच चावी. ती ऑक्टोबरात मंडईत हरवली. मेथी घेताना खिशात होती, बटाट्यांपर्यंत नव्हती. दुसरी चावी घरी आहे असं आम्ही सगळे दहा वर्षं समजत होतो. ड्रॉवरमधून निघाली ती जुन्या कपाटाची.

नुसती चावी गेली असती तर हे लिहिलंच नसतं. पण कीचेनवर गाडीचा नंबर होता, छोट्या नंबरप्लेटसारखा, मीच हौसेने करून घेतलेला. शिवाय नव्या गाडीबरोबर आलेला चावीच्या नंबराचा पत्र्याचा टॅग वडिलांनी त्याच रिंगमध्ये ओवून ठेवला होता. त्या नंबरावरून चावी कापून मिळाली असती. एका मुठीत सगळं गेलं.

त्या दिवशी फुटपाथवरचे एक चावीवाले काका पार्किंगमध्ये आले. कोरी पितळी चावी दाराच्या कुलपात घालून हिसका द्यायचा, बाहेर काढून उन्हात तिरकी धरायची, आतल्या पत्त्यांचे, म्हणजे चावीच्या खाचांप्रमाणे वर-खाली होणाऱ्या पातळ पट्ट्यांचे, बारीक वण दिसतील तिथे कानस फिरवायची, पुन्हा आत. चाळीसेक मिनिटांत दार उघडलं, इग्निशनही फिरलं. सातशे रुपये. मला तेव्हा ते फार वाटले, आणि मी तसं बोललोही. काका एवढंच म्हणाले, "साहेब, कुलपं बदलू नका, माझ्याकडे आणा. पत्त्या बदलून देतो." मला वाटलं, धंदा वाढवतोय माणूस.

हरवल्याची नोंद ऑनलाइन केली आणि आरसी, ओळखपत्र घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे इग्निशन वेगळं, दारं वेगळी, म्हणजे चाव्याही वेगवेगळ्या, आणि एकूण आकडा असा की मी पाणी मागितलं. या गाडीच्या पुनर्नोंदणीला २०१७ मध्ये ६०० रुपये फी होती, २०२२ मध्ये तीच ५००० झाली. त्यावर हरित कर वेगळा. आणखी किती ओतायचे हिच्यात? पुण्याच्या नाना पेठेतून लोकल सेट आणला, चौदाशे पन्नासला. इग्निशन आणि दोन दारं, चावी एक. डिकीचं कुलूप सेटमध्ये नाही. दुकानदार म्हणाला, "डिकीला कोण विचारतो?"

मी विचारतो. पुढचे चार महिने तेच विचारत होतो. आठशेची डिकी म्हणजे पाचवं दार. काचेसकट वर उचललं की मागच्या सीटवरून सरळ आत. म्हणजे दोन्ही दारांना नवी कुलपं लावून मी घराचा पुढचा दरवाजा बदलला आणि मागचा तसाच ठेवला, जुनी चावी नंबरासकट गावात सोडून! गाडी चोरीला जाणार नाही, इग्निशन बदललंय, हे मलाही कळतं. तरी रात्री खाली जाऊन डिकी ओढून बघायचो. बायको म्हणाली, आत आहे काय, एक स्टेपनी आणि तुझी छत्री.

बसवताना गॅरेजवाल्याचा जीव गेला. इग्निशन ज्यात बसतं त्या स्टेअरिंग लॉकचे बोल्ट असे असतात की कंपनीत आवळताना डोकं तुटून पडतं, पुन्हा पाना लावायला काही उरतच नाही. छिन्नीने कडेकडेने ठोकत एकेक बोल्ट फिरवला, तासभर. नंतर साधे बोल्ट लावून दिले. चोरालाही आता पाना पुरेल, पण ते डिकीपुढे मला किरकोळ वाटलं. दाराचं पॅड काढताना मात्र गडी हुशार निघाला. काच खाली-वर करायच्या हँडलमागे फडक्याची पट्टी ओढली, टक्कन क्लिप उडाली. नऊशे रुपये मजुरी. जुनी कुलपं मी मागून घेतली आणि श्रीखंडाच्या डब्यात ठेवली. घरात हसले सगळे.

पहिले तीन महिने मी हा सेट चार जणांना सुचवला. त्या चौघांची इथे माफी मागतो. फेब्रुवारीत सिग्नलला उभा असताना चावी हातात आली. इंजिन चालूच! चावीचा धातू इतका मऊ की कडा गोल झाल्या होत्या. काकांची पितळी चावी मी रोज डिकीला वापरत होतो, तिच्यावर ओरखडा नाही.

मुकाट्याने काकांकडे गेलो, डिकीचं कुलूप आणि श्रीखंडाचा डबा घेऊन. डबा बघून ते खूश झाले. सेटच्या चावीच्या झिजण्याआधीच्या मापाने नवी पितळी चावी कापली, ती डिकीच्या कुलपात घातली आणि चावी जिच्यात जाते ती नळी बाहेर ओढली. काही पत्त्या आत नीट बसल्या होत्या, काही नळीबाहेर डोकं काढून होत्या, म्हणजे या चावीला जुळत नव्हत्या. तेवढ्याच उचकटून त्यांच्या जागी डब्यातल्या जुन्या कुलपांच्या पत्त्या लावून पाहिल्या. एक कुठलीच बसेना, तिला जरा घासलं. स्प्रिंगा परत, नळी आत, टक. चावीसकट अडीचशे रुपये. तेलाची बाटली मी काढली तर हात धरला, तेलाने धूळ धरते म्हणाले. पेन्सिलीचं शिसं चावीवर घासून दिलं.

म्हणजे ऑक्टोबरात जुन्याच चारही कुलपांच्या पत्त्या बदलल्या असत्या, तर चौदाशे पन्नास, नऊशे, आणि गाडीची मूळची इग्निशनच्या कुलपाची नळी, सगळं वाचलं असतं. छिन्नीलाही हात लावावा लागला नसता. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता एकच चावी आहे, तिच्या दोन प्रती, कीचेन बिननंबराचा. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलं झालं. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद गॅरेजवाल्याने फाडून सेलोटेपने चिकटवला होता. तो मी स्वतः बदलला. राहता राहिलं डावं दार. तिथे नवं कुलूप उलटं फिरतं, उघडायला पुढे आणि लावायला मागे. बायको रोज चुकते आणि रोज माझ्याकडे बघते.