वर्ग माझा, वर्कलोड दुसऱ्याचा

मराठीत एम.ए. करून, सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा काढून गोव्यात घरी बसलेल्यांना जून उजाडला की एखादा फोन येतो. कुठल्यातरी कॉलेजात 'एक पेपर रिकामा', म्हणजे शिकवायला कोणी नसलेला एक विषय असतो, घ्याल का म्हणून विचारतात. तसा फोन आलाच तर होकार देण्याआधी हे वाचा. माझ्या बाबतीत वर्ग मी घेतला, कागदावर तो दुसऱ्याच्या नावावर दाखवला गेला. कॉलेजचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. शिवाय ही युक्ती काही त्या एकाच कॉलेजची मालमत्ता नसावी.

मला मिळालेला पेपर पहिल्या वर्षाचा, साहित्याची तोंडओळख करून देणारा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा), म्हणजे एका श्रेयांकाला १५ तास धरून ६० तासांचा. मुलाखत कसली, प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा झाला. समोर प्राचार्य, संस्थेचे एक विश्वस्त आणि विभागातले एकमेव कायम सर. वर्तमानपत्रात जाहिरात आली नव्हती, विद्यापीठाचं किंवा उच्च शिक्षण संचालनालयाचं कोणी हजर नव्हतं. कॉन्ट्रॅक्टवर घेतो, दर यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा), ऑर्डर चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत हातात, असं तोंडी ठरलं. मी ऑर्डरचं पुन्हा विचारलं तेव्हा विश्वस्त हसले. "अगो बाय, कागद कुठं पळून जातात? पोरं वर्गात येऊन बसली आहेत, आधी त्यांच्याकडे बघ."

पोरं खरोखरच बसली होती, आणि खरं सांगायचं तर पुढचे सगळे प्रश्न विचारायचे राहिले ते त्यांच्यामुळे. सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतली मुलं. चौथीपर्यंत सरकारी शाळेत मराठीतून शिकलेली, पुढे सगळं इंग्रजीतून, घरी कोंकणी. जोडाक्षर आलं की अडखळायची, पण घूमट आरतीची एकेक ओळ पाठ. कविता म्हणजे 'प्रश्नाचं उत्तर पाच ओळींत' एवढीच ओळख झालेली. त्यांना ओवी शिकवताना मी फादर स्टीफन्सपासून सुरुवात केली. इंग्लंडहून आलेला एक जेझुइट पाद्री सासष्टीत राहून मराठी शिकतो आणि १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा ओवीत छापतो, हे ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे टीचर, आमच्या इगर्जीतसुद्धा (चर्चमध्येसुद्धा) मराठी होती?" त्या तासाला बेल झाली तरी कोणी उठलं नाही. तसल्या वर्गासाठी माणूस पगाराचं विसरतो, आणि संस्थांना हे पक्कं ठाऊक असतं.

आता खुणा सांगते. एकेक सुटी पाहिली तर त्यांना काहीच अर्थ वाटत नाही.

शिक्षकांच्या हजेरीपटावर माझी सही घेतली जात नव्हती. माझ्यासाठी दोनशेपानी वही होती आणि ती शिपायाच्या कपाटात असे. नोटीस बोर्डवरच्या वेळापत्रकात माझ्या तासांपुढे सरांची आद्याक्षरं. विचारलं तर, "जुनाच तक्ता आहे, बदलायचा राहिला." आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका मी तपासायच्या, गुणपत्रकावर सही सरांची. सत्रान्त परीक्षेसाठी प्रश्न मी काढून दिले, ते सरांच्या नावाने गेले. माझ्या टिपणांची सॉफ्ट कॉपी 'विभागाच्या फाईलसाठी' मागून घेतली. ती दिल्यावर आठवडाभरातच मुलांना वाटली गेली, वर सरांचं नाव.

असं का करतात, हे मला नंतर कळलं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितलं आहे, हाच त्यांचा वर्कलोड. मराठी घेणारी मुलं कमी होतात तसे विभागाचे तास उतरतात, आणि मग कायम पदावरच प्रश्नचिन्ह लागतं. म्हणून प्रत्येक पेपर कायम माणसाच्या नावावर दाखवायचा. पण सर तास घ्यायला मोकळे कुठे होते? नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाईल, उच्च माध्यमिकचे प्रवेश, संस्थेच्या जमिनीच्या खटल्याच्या तारखा, सगळं त्यांच्याच गळ्यात. पगार सरकारी अनुदानातून, तोही शिकवण्याचा, काम मात्र संस्थेचं. राहिलेला वर्ग सांभाळायला माझ्यासारखी कोणीतरी, रोखीवर. संस्थेला फुकटात व्यवस्थापक मिळतो आणि सरकारदरबारी सगळं जागच्या जागी दिसतं. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, असं मी आजही म्हणेन. पण माझ्या वर्गाच्या दारावरून जाताना ते खाली बघून जायचे.

चवथ गेली, दिवाळी गेली, ऑर्डर आली नाही. सत्र संपल्यावर पाकीट दिलं, त्यात ठरल्याच्या अर्ध्याहून कमी पैसे. सोबत सही करायला व्हाउचर, त्यावर तपशील लिहिलेला: 'एकदिवसीय अतिथी व्याख्यान, मानधन'. मी सही केली, पण सहीच्या वर माझ्या अक्षरात लिहिलं की ही रक्कम पूर्ण सत्राच्या तासांपोटी मिळालेला काही भाग आहे, आणि तिथल्या तिथे फोटो काढला. प्राचार्यांनी कागद ओढून घेतला, पण फोटो झाला होता. अशा व्हाउचरवर मुकाट्याने सही करणारे बरेच असतात, कारण आशा असते ती अनुभवाच्या दाखल्याची.

त्या दाखल्याचंही ऐकून ठेवा. 'पैशांचं सोडा, अनुभव तर मिळतोय' हे वाक्य मला विश्वस्तांपासून नात्यातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. त्याच २०१८ च्या नियमावलीचं कलम १० उघडून बघा. हंगामी किंवा कंत्राटी सेवा पुढे धरली जावी यासाठी पात्रता हवीच, शिवाय नेमणूक रीतसर निवड समितीच्या शिफारशीने झालेली हवी आणि एकूण वेतन नियमित सहाय्यक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नको. सातव्या वेतन आयोगात त्या पदाचं नुसतं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी ठरवलेली कमाल मर्यादा तासाला १,५०० आणि महिन्याला ५०,००० रुपये. म्हणजे कॉलेजने शेवटचा रुपया दिला तरी तासांवर केलेली नोकरी त्या अटीत बसत नाही. मला मिळालेल्या दाखल्यात तर 'विभागास शैक्षणिक सहकार्य केले' एवढंच आहे. पेपराचं नाव नाही, पदनाम नाही, तारखा नाहीत.

मग मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अनुदानित कॉलेजला उत्तर टाळणं अवघड जातं. फक्त तीन गोष्टी विचारल्या: त्या सत्रात हा पेपर कोणी शिकवला, त्या शिक्षकाचा मंजूर वर्कलोड किती, आणि तासिका तत्त्वावर कोणाला नेमलं. उत्तर आलं: पेपर सरांनी शिकवला, वर्कलोड पूर्ण, तासिका तत्त्वावर कोणीही नाही.

हे उत्तर हातात असणं पाकिटातल्या पैशांपेक्षा मोलाचं ठरलं, कारण ते खोटं असल्याचा पुरावा मुलांकडे होता. आयएसएच्या परत दिलेल्या उत्तरपत्रिकांवर माझी लाल शाई आणि माझी सही. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर माझे निरोप, तारखेनिशी. मी काढलेले हजेरीपत्रकाचे फोटो होतेच. तुम्ही आधीच कुठे शिकवत असाल आणि ऑर्डर मिळाली नसेल, तर हे आजपासून जमवायला लागा. फळ्यावर तारीख घालून फोटो काढा. तासांचा हिशेब दर शनिवारी कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. उत्तर नाही आलं तरी चालेल. टिपणं द्यायचीच तर प्रत्येक पानावर नाव घालून पीडीएफमध्ये द्या. आणि वेळापत्रकावर कोणाची आद्याक्षरं आहेत ते पहिल्याच दिवशी बघा.

पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयात तक्रार दिली आहे. ती पोचल्याचं कॉलेजला कळलं असावं, कारण गेल्या पंधरवड्यात घरी चेक आला, राहिलेल्या पूर्ण रकमेचा. सोबत चिठ्ठी नाही. चेक कॉलेजच्या खात्याचा नाही, विश्वस्तांच्या हार्डवेअरच्या दुकानाचा आहे. बँकेत असलेला माझा मावसभाऊ म्हणतो, चेक तीन महिने चालतो, घाई करू नकोस, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून तक्रारीला जोड. झेरॉक्स सोमवारी पर्वरीला देऊन पोच घेतली. चेक अजून बँकेत भरलेला नाही.