‘फक्त महिलांसाठी’ व्यसनमुक्ती केंद्र: पैसे भरण्याआधी हे वाचा

धाकट्या बहिणीची दारू सुटावी म्हणून आम्ही निवासी केंद्र शोधत होतो. त्यात जी फसवणूक झाली ती तिच्या परवानगीने लिहितेय, कारण अशा वेळी घरची माणसं किती घायकुतीला आलेली असतात ते मला माहीत आहे आणि त्याच घाईवर या लोकांचा धंदा चालतो.

नेटवर ‘मोफत हेल्पलाइन’ म्हणून नंबर होता. फोनवरची बाई फार आपुलकीने बोलली. थोड्याच वेळात केंद्राचे फोटो आले, पाठोपाठ ‘एकच बेड शिल्लक आहे, आजच अ‍ॅडव्हान्स भरा’. ती पेशंटमागे कमिशन घेणारी एजंट होती, हे नंतर कळलं. घरात कमावतं कोण, विमा आहे का, सगळं तिने विचारलं. बहीण रोज किती पिते, शेवटचं कधी प्यायली, पूर्वी फिट आली होती का, यातलं काही विचारलं नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तोडली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, प्रचंड थरथर सुरू होऊन जिवावर बेतू शकतं. त्या दिवसांत डॉक्टरांची देखरेख लागतेच. जे केंद्र हे प्रश्न विचारत नाही, तिथे माणूस ठेवू नका.

महिलांसाठी स्वतंत्र विभाग, चोवीस तास स्त्री कर्मचारी, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात रात्रपाळीला पुरुष वॉर्डन आणि खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. बाथरूमला आतून कडी नव्हती. व्यसनात अडकलेल्या कितीतरी बायकांच्या मागे मारहाण, अत्याचार असतात. त्यांना सुरक्षित वाटणं हा उपचाराचाच भाग आहे. माझी बहीण तिथे रात्र रात्र जागी राहायची. मग झोपेची म्हणून एक गोळी सुरू झाली. तिचं नाव विचारलं तर उत्तर नाही.

भेटीला गेले तेव्हा टेबलावर तिची फाइल उघडी होती. समुपदेशनाच्या नोंदी एकाच पेनने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या, आणि चक्क पुढच्या आठवड्यातल्या तारखांच्याही भरून ठेवलेल्या. मी तारखेवर बोट ठेवलं तशी मॅडमनी फाइल मिटली.

घरी नेतो म्हटल्यावर पूर्ण कोर्सची फी मागितली. ‘परतावा नाही’ ही अट पावतीच्या मागे बारीक अक्षरात होती. शंभर टक्के गॅरंटी देणाऱ्याकडे तर फिरकूच नका. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजनुसार ४० ते ६० टक्के लोकांचं व्यसन उपचारानंतर पुन्हा उलटतं. प्रामाणिक डॉक्टर हे आधीच सांगतात आणि उलटल्यावर काय करायचं तेही सांगतात.

शक्य असेल तर रात्री जाऊन केंद्र बघा. पेशंटला घरच्यांशी एकटीने फोनवर बोलू देतात का, मध्येच नेलं तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी घ्या.

बहिणीवर आता रुग्णालयात मानसोपचार विभागात उपचार चालू आहेत. आम्ही लेखी तक्रार केली आहे, पैसे अजून परत मिळालेले नाहीत. तक्रारीला जोडलेल्या बिलात ‘एए मीटिंग’चे वेगळे पैसे लावलेत. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी १९३५ साली सुरू झालेली संघटना. तिच्या सभांना कसलीही फी नसते.