‘१०१’ कित्येक महिने ऐकल्यावर : सगळं ठीक, पण मधल्या फटीचं काय?

डेपेश मोड या ब्रिटिश बँडचा ‘१०१’ हा लाइव्ह अल्बम कसा आहे हे सांगायला मी बसलेलो नाही. १९८९ पासून लोक ते सांगतायत आणि सिंथपॉपचं (सिंथेसायझरवरच्या पॉप गाण्यांचं) वेड असलेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला असतोच. मला बोलायचंय ते दोन गाण्यांच्या मधल्या फटीबद्दल. जेमतेम अर्ध्या सेकंदाची फट, पण तिने माझं डोकं फिरवलंय.

पॅसाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये साठ हजारांवर माणसं ओरडतायत. एक गाणं संपलंय, गोंगाट चढत चाललाय, त्याच गोंगाटात पुढच्या गाण्याचे पहिले ठोके पडणार, आणि अख्खं स्टेडियम गायब! गाडीत नुसती एसीची घरघर. मग एकदम पुन्हा साठ हजार माणसं. असं प्रत्येक गाण्यानंतर.

टॉवेलच्या धंद्यामुळे माझ्या सोलापूर-पुणे फेऱ्या चालूच असतात. गाडीतला जुना सीडी प्लेअर यंदा उन्हाळ्यात गेला. आधी अडखळायचा, मग एकेक सीडी थुंकायला लागला. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला आणि ‘याची लेन्स आता कुठं मिळत नाही ओ’ म्हणून तसाच परत दिला. मग इथल्याच एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून टचस्क्रीनवाला अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. घासाघीस करून नऊ हजारांत, रिव्हर्स कॅमेऱ्यासकट. घरच्या दोन सीडींवरून एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर टाकले आणि निघालो. मोहोळ यायच्या आत वैतागलो होतो.

दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं.

“साहेब, गाणं संपलं की गॅप येणारच की.”

“सीडीवर येत नव्हता.”

“सीडी आता कोण ऐकतंय ओ?”

मी ऐकतो म्हणालो. मग ‘अपडेट मारून देतो’ म्हणत गाडी दुपारभर ठेवून घेतली. संध्याकाळी बघतो तर स्क्रीनवर धबधब्याचं नवीन चित्र आणि इक्वलायझरला नाचणारे रंगीत दिवे. फट होती तिथंच. वरून ‘हे वॉरंटीत बसत नाही, कारण मशीन चालू आहे.’ यावर काय बोलणार!

मग स्वतःच खोदायला घेतलं. एमपीथ्रीत आवाज तुकड्यातुकड्यांत बांधलेला असतो आणि एका तुकड्यात आवाजाचे ११५२ नमुने (सॅम्पल) बसतात. सीडीच्या हिशेबाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, हा तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. गाणं काही बरोबर तुकड्याच्या काठावर संपत नाही, म्हणून शेवटचा तुकडा शांततेने भरून काढतात. सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, थोडी शांतता घालतोच. लेमसारखा एन्कोडर किती शांतता घातली हे फाइलीतच नोंदवून ठेवतो. प्लेअरने ते वाचून तेवढा भाग गाळायचा असतो. आमचं मशीन वाचत नाही.

म्हटलं ठीक, मग फ्लॅक करू, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइली. त्यात असली भर नसते. फाइली मोठ्या झाल्या, नवीन पेनड्राइव्ह घ्यावा लागला (तो खर्च वेगळा), फट थोडी बारीक झाली, पण गेली नाही. म्हणजे दोष एकट्या एमपीथ्रीचा नव्हता. हे मशीन एक फाइल पूर्ण बंद करतं आणि मगच पुढची उघडतं. पुढचं गाणं आधीच तयार ठेवायचं कामच त्याला शिकवलेलं नाही.

फोनवरून ब्लूटूथने ॲपवर ऐकलं तर फट येत नाही, हे मान्य. पण सीडी विकत घेऊन ठेवल्यावर त्याच गाण्यांचं महिन्याला भाडं मी का भरू? शिवाय मधेच पुण्याच्या पार्टीचा ‘माल निघाला का?’ म्हणून फोन येतो आणि रोझ बाउल थांबतं ते थांबतंच.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं वाटत असेल तर हा अल्बम नेमका काय आहे ते बघा. १८ जून १९८८, दौऱ्यातला १०१वा कार्यक्रम. स्टेजवर ड्रमर नाही. तिघे कीबोर्डांमागे, गायक डेव्ह गाहन पुढे, आणि तालाचा मोठा भाग आधीच रेकॉर्ड केलेल्या मल्टिट्रॅक टेपवरून. पहिले काही आठवडे माझं मत असंच होतं, की टेप लावून गायचं तर लाइव्ह कशाला म्हणायचं, त्यापेक्षा स्टुडिओतलं ऐकावं. ड्रमचा ठोका रात्रभर एकाच ताकदीचा. हात दमले, ताल जरा चढला, असलं काही नाही. ती तक्रार आजही आहेच.

पण ऐकता ऐकता मत बदललं. टेप चुकणार नाही, दमणार नाही, हे ठरलेलंच आहे. मग त्या रात्री तिथं ताजं काय घडत होतं? गाहनचा आवाज आणि समोरची माणसं. त्यातली माणसं तर वायर, थॉमस डॉल्बी, ओएमडी असे आधी वाजवणारे सगळे ऐकून मग डेपेश मोडसाठी उभी होती. ‘एव्हरीथिंग काउंट्स’च्या शेवटी वाद्यं थांबतात आणि लोक ओळ धरून ठेवतात, सोडतच नाहीत. आपल्याकडे सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पुढून ‘बोला हर्र’ उठतं आणि मागच्या गल्लीपर्यंत जातं, पुढचे गप्प झाले तरी मागं चालूच असतं, तसं. त्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग दर पाच मिनिटांनी कुणी अर्धा सेकंद कापून दिलं तर सोलापुरात चालेल का? दुकानदाराला मी हेच विचारलं. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाला सीट कव्हर दाखवायला गेला.

म्हणजे बघा, या रेकॉर्डिंगमध्ये जे खरोखर लाइव्ह आहे तेवढंच नेमकं मशीन खातंय. टेपवरचे ड्रम शाबूत, लोकांची मात्र मुंडी छाटलेली.

शेवटी फुकटचा उपाय केला. ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या-कापायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये गाणी एकाला एक जोडली आणि दोन लांब फाइली केल्या, सीडी बदलावी लागायची बरोबर तिथं तोडून. पहिली वरवडे टोलनाक्याच्या आसपास संपते. तिथली फट मला चालते, टोलला गाडी हळू करावीच लागते. दुसरी संपेपर्यंत इंदापूर आलेलं असतं, ट्रॅफिक नसेल तर जरा पुढंच.

यात गाणी पुढे ढकलायची सोय गेली. स्क्रीनवर बोटाने सरकवायला जावं तर भलतीकडेच पोचतो. पहिल्यांदा चिडचिड झाली, कारण ‘समबडी’ आणि ‘द थिंग्ज यू सेड’ ही बँडमधल्याच मार्टिन गोरने गायलेली दोन संथ गाणी मी नेहमी उडवायचो. आता ऐकावीच लागतात. ‘समबडी’त नुसता पियानो आणि आवाज. मागचं सगळं यंत्रकाम गेल्यामुळे मैदान केवढं मोठं आहे ते तिथंच कानाला कळतं, हे इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. हे गाणं आता उडवत नाही. ‘मास्टर अँड सर्व्हंट’ मात्र अजूनही उडवावंसं वाटतं, पण सोय नाही.

सौभाग्यवतींचं मत वेगळं. ‘पिम्फ’ची सुरुवात, म्हणजे तो पियानोचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत चढत जातो, ऐकून त्या बाळे गाव यायच्या आधीच म्हणाल्या, “अहो, गाणं कधी सुरू होणार?” मी म्हटलं, हेच गाणं आहे. उरलेला रस्ता त्यांनी डोळे मिटून घेतले.

अल्बमला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या न दमणाऱ्या ड्रमसाठी कापला. स्टिरिओला दोन, तेही रिव्हर्स कॅमेरा रात्री चांगला दिसतो म्हणून.

नवीन स्टिरिओ घेणार असाल तर कुठल्याही लाइव्ह अल्बमची लागोपाठची दोन गाणी पेनड्राइव्हवर घेऊन जा. पहिल्याची शेवटची दहा सेकंदं लावा आणि दुकानातला पंखा बंद करायला सांगा, नाहीतर फट ऐकू येत नाही. दुकानदार मधेच कॅमेऱ्याची क्लिअरिटी दाखवायला लागेल, तिकडं बघू नका. पैसे त्यानंतर काढा.