बॅनर फाइल, नोट्स, पीडीएफ कुठून विकावी? लबाड गिऱ्हाईक कुठे किती नडतं, त्याचा आढावा

वरुड, दर्यापूर, पुसद, ब्रह्मपुरी अशा तालुक्याच्या गावांतून बरीच पोरंपोरी आता मोबाइलवरून फाइली विकतात. वाढदिवसाच्या बॅनरची पीएसडी किंवा सीडीआर (डिझाइनची मूळ फाइल), लग्नपत्रिकेचा व्हिडिओ, पोलीस भरतीच्या नोट्सची पीडीएफ, संत्र्याच्या बहाराचं नियोजन शिकवणारा छोटा कोर्स. माल चांगला असतो, मागणीही असते. घोडं अडतं ते वसुलीपाशी. किराणा दुकानदार उधारी थकली तर पुढचा माल थांबवतो. फाइल मात्र एकदा गेली की तिची हजार पिलं होतात आणि आपल्या हातात काही उरत नाही.

विकण्याचे मार्ग मुख्यतः तीन. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून यूपीआयने पैसे घ्यायचे आणि फाइल हाताने पाठवायची. पेमेंट गेटवेची (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या सेवेची) लिंक लावायची आणि पैसे जमा होताच फाइल आपोआप जाऊ द्यायची. किंवा अ‍ॅमेझॉनचं किंडल, गूगल प्ले बुक्स अशा ई-पुस्तकांच्या मोठ्या दुकानात माल ठेवायचा. सुरू करायला कोणता सोपा, हे कोणीही सांगेल. फसवायला निघालेल्या माणसाला कोणत्या मार्गावर किती वाव मिळतो, ते मी इथे तपासतो. कारण ५०-१०० रुपयांच्या मालात नफ्या-तोट्याचा हिशोब त्यावरच ठरतो.

फसवणूकही तीन तऱ्हेची असते: पैसे न देताच फाइल नेणं, फाइल नेऊन पैसे परत मागणं आणि एक प्रत घेऊन गावभर वाटणं. तिन्हींवर चालेल असं एक कुलूप कुठल्याच मार्गात नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय

लग्नसराईत रात्री अकराला मेसेज येतो: "पैसे टाकले ना भाऊ, पाहा बरं. पाहुणे बसून हायेत, व्हिडिओ पाठव लवकर." सोबत स्क्रीनशॉट. हिरवी टिक, तुमचं नाव, बरोब्बर रक्कम, १२ अंकी व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ, सगळं जागच्या जागी. असा स्क्रीनशॉट बनवून देणारी बनावट अ‍ॅप मिळतात. त्यामुळे चित्र बारकाईने न्याहाळून खरं-खोटं ठरवण्यात वेळ घालवू नका. बँकेत पैसे जमा झाले का, एवढंच पाहायचं, आणि तेही आपल्याच अ‍ॅपमधल्या खात्याच्या नोंदीत. समोरच्याने पाठवलेला "जमा झाले" असा एसएमएससुद्धा धरायचा नाही, कारण तो कोणीही टाइप करू शकतो.

खेड्यात इथेच एक खरी अडचण येते. रेंज नसली की आपल्या बँकेचा मेसेज उशिरा पडतो, आणि समोरचा माणूस खरा असला तर त्याला ताटकळत ठेवणं जिवावर येतं. लबाड माणूस नेमका या संकोचावर खेळतो. "मायाकडून तर कटले, तुमच्याकडे कसे नाई आले?" यावर देण्यासारखं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकात आहे. यूपीआयने पाठवलेले पैसे कापले गेले पण समोरच्या खात्यात पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानाच्या व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाचं नुकसान होत नाही. "दादा, जमा दिसलं की लगेच पाठवतो, नाहीतर बँक तुमचे परत टाकते" एवढं शांतपणे सांगावं आणि फाइल धरून ठेवावी.

"पैसे पाठवतो, आधी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. खासगी माणसाकडून माणसाकडे जाणारी 'कलेक्ट रिक्वेस्ट' (पैसे मागणारी विनंती) यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५पासून बंद केली, पण क्यूआरचा डाव अजून चालतो.

या मार्गावरचा सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ५०० रुपयांच्या कामाचे तुमच्या खात्यात खरोखरच ५,००० येतात. लगेच फोन: "भाऊ, चुकून एक शून्य जास्त पडला, उरलेले या नंबरवर पाठव." नंबर दुसराच असतो. तुम्ही भल्या मनाने पैसे पाठवता. ते ५,००० कुणा तिसऱ्याच माणसाला फसवून आलेले असतात, आणि त्याने सायबर पोलिसांत तक्रार दिली की पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो. बँक ती रक्कम अडकवते, कधी अख्खं खातंच गोठवते. तक्रार दुसऱ्या राज्यातली असली तर खातं मोकळं करायला पत्रव्यवहार तिकडे करावा लागतो.

आता विचार करा, आपल्याकडे क्यूआर कोणाच्या खात्याचा असतो? बहुतेक वेळा वडिलांच्या. त्याच खात्यात पीएम किसानचे वर्षाचे ६,००० येतात, पीक विम्याची रक्कम येते, सोयाबीन-कापसाचा चुकारा येतो. कधी त्याच शाखेत पीक कर्जही असतं. ऐन पेरणीत ते खातं गोठलं तर बियाण्याचे पैसे कुठून आणायचे? ९९ रुपयांच्या पीडीएफसाठी घरच्या शेतीचं खातं पणाला लावणं मला मुळीच पटत नाही. विक्रीसाठी स्वतःच्या नावाचं वेगळं बचत खातं उघडा आणि त्यात फार पैसे साठू देऊ नका. जास्तीचे पैसे आले तर स्वतः कुठेही पाठवू नका. बँकेला लेखी कळवा आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँकेमार्फत परत जाऊ द्या. फसलोच असं वाटलं तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तासाभरात फोन गेला पाहिजे. त्या वेळी १२ अंकी क्रमांक हाताशी ठेवा आणि चॅट पुसू नका.

पेमेंट गेटवे

रेझरपे, कॅशफ्री ही यातली ओळखीची नावं. पॅन, बँक खातं आणि ओळखपत्र देऊन नोंदणी करावी लागते. फी साधारण २ टक्के, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. ९९ रुपयांच्या पीडीएफवर १ रुपया ९८ पैसे फी आणि ३६ पैसे कर जातो, हाती ९६ रुपये ६६ पैसे राहतात. पैसे खात्यात पडायला दोनेक कामकाजाचे दिवस लागतात.

या सव्वादोन-अडीच रुपयांत मिळतं काय? बनावट स्क्रीनशॉट इथे निरुपयोगी ठरतो, कारण फाइलची लिंक पाठवायची की नाही हे गेटवेकडून आलेल्या नोंदीवर ठरतं, माणसाच्या भिडेवर नाही. रक्कम आधीच ठरलेली असल्याने "एक शून्य जास्त"चा प्रकारही होत नाही. रिफंड दिला तर तो ज्या साधनातून पैसे आले तिथेच परत जातो. दुसऱ्या नंबरवर पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या मते गेटवेची निम्मी किंमत या एकाच गोष्टीत वसूल होते.

उरते दुसऱ्या तऱ्हेची लबाडी. फाइल डाउनलोड करायची आणि मग बँकेकडे तक्रार टाकायची की माल मिळालाच नाही, किंवा हा व्यवहार मी केलाच नाही. याला चार्जबॅक म्हणतात. तक्रार आली की गेटवे ती रक्कम तुमच्या जमेतून रोखतो आणि ठरावीक दिवसांत पुरावा मागतो. भारतातल्या कार्डावर ओटीपी लागत असल्याने "मी केलाच नाही" हे म्हणणं सहसा टिकत नाही. परदेशी कार्डावर ओटीपी असेलच असं नाही, म्हणून मराठी नोट्स विकणाऱ्याने आंतरराष्ट्रीय पेमेंट बंदच ठेवावं. "मिळालंच नाही" यावर डाउनलोडची वेळ, ईमेल गेल्याची नोंद आणि खरेदीआधी मान्य केलेल्या अटी एवढं दाखवता आलं पाहिजे. म्हणून लिंक ईमेलवर जाऊ द्या आणि डाउनलोडची नोंद ठेवणारी सेवा निवडा. ड्राइव्हची उघडी लिंक दिली तर कोणी कधी उतरवलं याचा पत्ताच लागत नाही.

परताव्याच्या अटी विक्रीच्या पानावर स्पष्ट लिहा. ई-कॉमर्सच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांतही परताव्याची माहिती आधी देणं अपेक्षित आहे. फाइल उघडत नसेल तर बदलून देऊ, उघडून वाचल्यावर पैसे परत नाही, एवढं पुरे. त्याआधी चार-पाच पानं फुकट दाखवा. "आवडलं नाही" म्हणणाऱ्यांत प्रामाणिक माणसंही असतात, आणि नमुना पाहून घेतलेला माल ते सहसा परत करत नाहीत.

मोठं दुकान

किंडलवर डिसेंबर २०१६पासून मराठी पुस्तकं आहेत. इथे पैसे बुडवणाऱ्याशी तुमचा संबंधच येत नाही, सगळी वसुली कंपनी करते. पण ई-पुस्तक सात दिवसांत परत करता येतं आणि त्याची रॉयल्टी तुमच्या हिशोबातून वजा होते. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या अ‍ॅमेझॉनच्या योजनेत घालावं लागतं, आणि मग त्याची डिजिटल प्रत ९० दिवस दुसरीकडे कुठेच विकता येत नाही. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात. कादंबरी, आठवणी, शेतीचं सलग पुस्तक यांना हे ठीक. तक्ते आणि सरावप्रश्नांनी भरलेल्या नोट्स किंडलवर वाचायला त्रास होतो. त्यासाठी पीडीएफ घेणारं प्ले बुक्स बरं. बॅनरच्या फाइलींना इथे जागाच नाही.

गमरोडसारखी परदेशी दुकानं फाइली घेतात, पण त्यांची फी १० टक्के आणि वर ५० सेंट, म्हणजे नुसते सेंटच चाळीस रुपयांच्या वर जातात. ९९ रुपयांच्या मालात निम्म्याहून जास्त तिथेच संपतं. आपल्या किमतीत हे बसत नाही.

वाटून खाणारे

तिसऱ्या लबाडीवर तिन्ही मार्ग दुबळेच आहेत. एकाने नोट्स घेतल्या आणि संध्याकाळी त्या टेलिग्रामवर. पण इथे दोन माणसांत फरक करायला हवा. भरतीची तयारी करणारी, पहाटे मैदानावर १,६०० मीटर पळणारी चार पोरं पंचवीस-पंचवीस काढून एक प्रत घेतात, त्यांना मी चोर म्हणणार नाही. त्यांच्यासाठी पाच जणांचा एकत्र दर ठेवा. परवडेल तिथे पोरं घेतात. चॅनल काढून तुमचाच माल २० रुपयांना विकणारा मात्र वेगळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. नोंदणी नसली तरी हक्क तुमचाच असतो, पण ५०० रुपयांत साहित्यकृतीची नोंदणी होते आणि पुरावा म्हणून कामी येते. २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पर्धा परीक्षेच्या एका शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला नोट्स फोडणाऱ्या चॅनलवाल्यांची माहिती द्यायला लावली. अर्थात दिल्लीपर्यंत जाणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही.

आवाक्यातलं आहे ते हे: प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार अंक छापून द्या. पुसणारा पुसेल, पण ओळखीतला माणूस आपलं नाव असलेली प्रत ग्रुपवर टाकताना दहादा विचार करतो. दुसरं म्हणजे, चालू घडामोडींची पुरवणी दर महिन्याला फक्त खरेदीच्या ईमेलवर पाठवा. चोरलेली प्रत महिन्याभरात शिळी होते. बॅनरचा नमुना दाखवताना आडवी मोठी खूण थेट चेहऱ्यावरून न्या. कोपऱ्यातली खूण कापायला मिनिटही लागत नाही.

मग कोणी काय निवडावं? नाव-फोटो घालून करून द्यायचं काम असेल, म्हणजे पत्रिका, जयंतीचं बॅनर, झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात, तर व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआयच बरं. निम्मे आधी घ्या, खूण असलेला नमुना दाखवा, उरलेले जमा दिसल्यावर स्वच्छ फाइल द्या. असं काम दुसऱ्याला विकताही येत नाही, म्हणून वाटून खाण्याचं भय नाही. तयार माल, म्हणजे नोट्स, टेम्प्लेट, कोर्स, पहिल्या दहा-वीस विक्रीनंतर गेटवेवर न्या. आणि गावात टॉवरचा भरवसा नसेल तर दहा-वीसचीही वाट पाहू नका: पावसाळ्यात दोन दिवस तुमचा फोन मुका राहिला तरी गेटवेवरून घेणाऱ्याला फाइल मिळते, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याला मिळत नाही.